बर्टी वूस्टर आणि त्याचे वाचक

विनोदी लेखकाचे दैव मोठे चमत्कारिक असते. त्याची पुस्तके घरात सर्वांत अधिक हाताळली जातात, त्यांचीच पाने सर्वांत आधी सुटी होतात. परंतु वाङ्मयाचा हिशेब मांडावयाची वेळ आली म्हणजे तोच वाचक ती पुस्तके हळूच फडताळाच्या मागच्या रांगेत सारतो आणि पुढे शोकान्त कादंबऱ्या लावून ठेवतो. ज्याने आपणांस हसविले त्याचे उपकार मानावयास आपण तयार असतो. त्याचे मोठेपण मानावयास मात्र कचरतो. इंग्रज लेखक पी. जी. वुडहाउस (१८८१–१९७५) ह्याने लिहिलेल्या जीव्हज आणि बर्टी वूस्टर ह्यांच्या कथामालेविषयी गेल्या शंभर वर्षांत वाचकांनी जी परस्परविरुद्ध मते दिली, त्यांच्या मुळाशी हीच कुचंबणा आहे. ती मते एकत्र ठेवून पाहिली असता त्या कथामालेविषयी जितके कळते, तितकेच हास्याविषयीच्या आपल्या समजुतींविषयीही कळते. म्हणून त्यांचा परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे.

ज्यांनी ही पुस्तके वाचली नसतील त्यांच्याकरिता थोडक्यात सांगावयाचे ते असे. बर्टी वूस्टर हा लंडनमधील एक सुखवस्तू, अविवाहित आणि पूर्णपणे निरुद्योगी तरुण. जीव्हज हा त्याचा हुजऱ्या. पुष्कळांचा समज आहे तसा तो बटलर नव्हे. बटलर साऱ्या घराचा कारभार पाहतो, हुजऱ्या एका धन्याची देखभाल करतो. आणि एक धनी व एक सेवक एवढ्यांच्याच संबंधावर ही माला उभी असल्यामुळे हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. जीव्हज प्रथम छापून आला तो १९१५ साली, एका गोष्टीत, आणि तोही दोनचार शब्द बोलण्यापुरता. त्याचे नाव वॉरिकशायरच्या पर्सी जीव्हज नावाच्या क्रिकेटपटूवरून घेतलेले आहे. तो खेळाडू १९१६ साली सोमच्या रणधुमाळीत मारला गेला. आपले नाव कोणत्या वाटेने चिरंजीव होणार आहे ह्याची त्या बिचाऱ्यास कल्पनाही नसावी. पुढे गोष्टींचे संग्रह निघाले. १९३४ साली ‘थँक यू, जीव्हज’ आणि ‘राइट हो, जीव्हज’ ह्या पहिल्या दोन कादंबऱ्या आल्या. १९३८ साली ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’, १९४६ साली ‘जॉय इन द मॉर्निंग’. आणि शेवटची ‘आंट्स आरन्ट जेंटलमेन’ १९७४ साली, म्हणजे लेखकाने नव्वदी ओलांडल्यानंतर. साठ वर्षांत लेखक वृद्ध झाला. बर्टीचे तारुण्य मात्र जसेच्या तसे राहिले.

वाचकांचा सर्वांत जुना आक्षेप असा की, ही सारी पुस्तके म्हणजे एकच पुस्तक आहे. हे म्हणणे खोटे नाही. बर्टीच्या गळ्यात पडू पाहणारे नकोसे वाङ्निश्चय, एखाद्या आत्याने त्याच्यावर लादलेली चोरी, खेड्यातील भव्य वाडा, रुसलेले मित्र, मध्यरात्री भलत्याच खोलीत झालेला प्रवेश, आणि अखेरीस जीव्हजने काढलेली युक्ती: एवढ्याच सोंगट्यांवर हा सारा डाव चालतो. लेखकास हे पुरते ठाऊक होते. जुनीच पात्रे नवी नावे देऊन आणल्याचा आरोप एका टीकाकाराने केला, तेव्हा दुसऱ्या एका मालेतील ‘समर लाइटनिंग’ ह्या १९२९ सालच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने मोठ्या मिस्किलपणे कळविले की, ह्या खेपेस जुनी पात्रे जुन्याच नावांनी आणून आपण त्या गृहस्थांवर मात केली आहे.

परंतु तोचतोपणा हा दोष केव्हा होतो? गवयाने यमन आळविला म्हणजे ‘हा तर गेल्या महिन्यातही गाइला होता’ अशी तक्रार कोणी रसिक करीत नाही. स्वर ठरलेले, चलन ठरलेले. आनंद असतो तो जागा कशा घेतल्या ह्यात. वुडहाउसची गोष्ट अशीच ऐकावी लागते. लिहावयास बसण्यापूर्वी तो कथानकाचा एवढा विस्तृत आराखडा करी की, त्याचेच एक लहानसे पुस्तक व्हावे. ‘राइट हो, जीव्हज’ मधील पारितोषिक-समारंभ पाहावा. गसी फिंक-नॉटल हा न्यूट नावाचे पालीसारखे दिसणारे जलचर पाळणारा, कमालीचा लाजाळू तरुण. त्यास धीर यावा म्हणून बर्टी त्याच्या संत्र्याच्या रसात गुपचूप मद्य मिसळतो; त्याच सद्धेतूने जीव्हजही स्वतंत्रपणे मिसळतो; आणि गसीने तर त्याआधीच स्वतःची सोय करून घेतलेली असते! अशा तिहेरी उपचाराने सिद्ध झालेला हा प्रमुख पाहुणा मार्केट स्नॉड्सबरी येथील शाळेच्या व्यासपीठावर उभा राहतो, आणि बर्टी आयुष्यात ज्या एका यशाचा अभिमान सांगतो, ते बायबलच्या ज्ञानाचे शालेय बक्षीसही त्याने लबाडी करूनच मिळविले असे भर सभेत जाहीर करतो. येथे हशा आपोआप उसळलेला नाही. तो कितीतरी पाने आधी पेरलेला आहे. कथानकाचे सांधे इतके घट्ट बसविण्याचे कौशल्य गंभीर कादंबरीकारांतही विरळा आढळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ह्या जगात पोटापाण्याची चिंता नाही, मृत्यू नाही, विकार नाहीत. असले लटके जग कशास वाचावे? जॉर्ज ऑर्वेलने १९४५ साली लिहिलेल्या निबंधात असे दाखविले आहे की, वुडहाउसचे जग पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इंग्लंडचे असून बर्टीसारखा प्राणी कधी असलाच तर तो १९१५ च्या सुमारासच युद्धात कामी आला असला पाहिजे. वुडहाउसचे स्वतःचे उत्तर असे की, कादंबरी दोन प्रकारांनी लिहिता येते: एक, जीवनाच्या तळाशी बुडी मारून, दुसरी, जीवनाकडे सरळ पाठ फिरवून, संगीताशिवायच्या संगीतिकेसारखी. तो दुसऱ्या पंथाचा होता, आणि हे नुसते बोलणे नव्हते. गाय बोल्टन आणि जेरोम कर्न ह्यांच्यासमवेत त्याने अमेरिकन रंगभूमीसाठी पदे रचली होती. पात्रांचे प्रवेश आणि प्रस्थान नेमक्या क्षणी घडविण्याचे त्याचे तंत्र त्याच शाळेत तयार झाले.

तरीही हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. मराठी वाचकाने येथे चि. वि. जोशी ह्यांच्या चिमणरावाचे स्मरण करावे. तोही आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. परंतु त्याच्या भोवती पगार आहे, बिऱ्हाड आहे, नातेवाईकांचा गोतावळा आहे. बर्टीभोवती ह्यांपैकी पगार आणि बिऱ्हाड नाही हे खरे. पण नातेवाईक आहेत! अगाथा आत्येच्या नुसत्या तारेने त्याचा होणारा थरकाप, डाहलिया आत्येच्या शिव्यांमागची माया, ‘नाही’ म्हणता न आल्यामुळे ओढवणारी संकटे, शब्द दिला म्हणून पुढे केलेली मान: ह्यांतले लटके ते काय? वाडे आणि सरदार हे नेपथ्य कृत्रिम आहे. त्यात वावरणारी भीती, भीड आणि माया ही अस्सल आहेत. ज्या घरात एखादी करारी आत्या नांदली आहे, त्या घरातील वाचकास हे निराळे पटवून द्यावे लागणार नाही.

तिसरा वाद वर्गाचा. ह्या कथा सरदारवर्गाची खुशामत करतात की त्याची टर उडवितात? ऑर्वेलच्या त्याच निबंधात एका हिंदी राष्ट्रवादी गृहस्थाची हकीकत आहे. त्याच्या मते वुडहाउस हा ब्रिटिशविरोधी लेखक होता. इंग्रज सरदारांचे खरे स्वरूप उघडे पाडून त्याने मोठेच उपयुक्त कार्य केले होते! ऑर्वेलला हे मत गमतीचे पण चुकीचे वाटले. त्याचे म्हणणे उलट असे की, वुडहाउसचे खरे पाप कोणते असेल तर इंग्रज वरिष्ठवर्ग असतो त्यापेक्षा पुष्कळच गोड करून दाखविण्याचे.

ह्या दोघांत न्याय कसा करावा? लेखकाच्या हेतूपुरते पाहिल्यास ऑर्वेलचा पक्ष खरा आहे. उपहासास राग लागतो, आणि वुडहाउसच्या लेखणीत राग नाही. परंतु कथेच्या रचनेकडे पाहिले तर त्या हिंदी वाचकाची दृष्टीही अगदीच अधू म्हणता येत नाही. प्रत्येक कथेत धनी आणि सेवक ह्यांमध्ये एखाद्या यःकश्चित् वस्तूवरून शीतयुद्ध चालू असते: कधी पांढरे जाकीट, कधी बर्टीने वाढविलेल्या मिशा, कधी बॅन्जोलेले नावाचे कर्कश वाद्य. त्या वाद्यापायी तर जीव्हज नोकरीचा राजीनामा देतो. संकट टळते तेव्हा त्याची किंमत म्हणून ते जाकीट जाते, त्या मिशा उतरतात. सेवक वेतन घेतो ते निराळेच. खरा मोबदला तो धन्याच्या इच्छेतून वसूल करतो. मालकी कागदोपत्री एकाची आणि सत्ता दुसऱ्याची, हे ज्या देशाने कचेऱ्यांतून आणि संस्थानांतून जवळून पाहिले आहे, त्या देशातील वाचकास ह्या चित्रात काही ओळखीचे दिसले तर नवल नाही. शिवाय ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ मधील रॉडरिक स्पोड विसरून चालणार नाही. ऑस्वल्ड मोझलेच्या काळ्या सदऱ्यांची ही विटंबना १९३८ सालची आहे. सदरे संपल्यामुळे स्पोडचे अनुयायी काळ्या चड्ड्या घालतात, आणि हा होऊ घातलेला हुकूमशहा चोरून स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचे दुकान चालवितो! भल्याभल्यांना ज्या आरोळ्यांचे भय वाटत होते, त्यांतील पोकळपणा ह्या ‘राजकारण न कळणाऱ्या’ लेखकास बरोबर दिसला होता.

तो पुढे स्वतः फसला, ही नियतीची थट्टा होय. १९४० साली फ्रान्समध्ये राहत असता तो जर्मनांच्या हाती सापडला, स्थानबद्ध झाला, आणि जून १९४१ मध्ये सुटल्यावर त्याने बर्लिनहून अमेरिकेतील श्रोत्यांसाठी स्थानबद्धतेच्या हकीकती सांगणारी पाच खेळकर भाषणे केली. त्यांत शत्रूचा प्रचार नव्हता. परंतु ती शत्रूच्या ध्वनिक्षेपकावरून झाली होती, आणि लंडनवर बॉम्ब पडून गेलेले होते. इंग्लंडात त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप झाला. काही ग्रंथालयांनी त्याची पुस्तके काढून टाकली. नाटककार शॉन ओकेसी ह्याने त्यास इंग्रजी वाङ्मयातील कसरती पिसू म्हटले. पुढे वुडहाउसने तीच शिवी १९५३ सालच्या आपल्या पत्रसंग्रहास नाव म्हणून लावली. ऑर्वेलने त्यास मूर्ख ठरवून द्रोहाच्या आरोपातून मुक्त केले. ईव्हलिन वॉ ह्याने १९६१ साली त्याच ब्रिटिश नभोवाणीवरून त्याची जाहीर भरपाई केली. तो मात्र इंग्लंडात पुन्हा राहावयास गेला नाही. आम्हांस ऑर्वेलचा निर्णय मान्य आहे. तरी एवढे नमूद केले पाहिजे की, जो सद्भाव ह्या कथांचा प्राण आहे, तोच सद्भाव कथेबाहेरच्या जगात आंधळा ठरला. कादंबरीत सर्वांना क्षमा करणे शोभते. इतिहासात प्रत्येक वेळी शोभतेच असे नाही.

आता ज्या मतभेदात आमच्या मते ह्या मालेचे मर्म दडले आहे, त्याकडे वळू. नायक कोण? बहुसंख्य वाचक क्षणाचाही विलंब न लावता ‘जीव्हज’ म्हणतील. पुस्तकांच्या नावांत तोच, चातुर्य त्याचे, विजयही त्याचाच. ‘बर्टी चेंजेस हिज माइंड’ ही १९२२ सालची एकच गोष्ट जीव्हज स्वतः सांगतो, आणि तीत धन्याच्या बुद्धीविषयीचे त्याचे मत फारसे आदराचे नाही. हे मत बहुतेक वाचकांनी प्रमाण मानले. परंतु तीच गोष्ट बारकाईने वाचली तर काय दिसते? भाषा निर्दोष, हिशेब चोख, आणि अंगाला किंचित गारवा लागतो. पुढे १९५३ साली ‘रिंग फॉर जीव्हज’ ही कादंबरी आली. गाय बोल्टनच्या सहकार्याने रचलेल्या नाटकावरून ती तयार झाली. तीत बर्टी नाही, निवेदन तृतीय पुरुषी आहे. जीव्हज आहे, युक्त्या आहेत, वाडा आहे. तरी ह्या मालेच्या चाहत्यांस ती परकी वाटते. ह्या प्रयोगाने निकाल लागतो. जीव्हज हा ह्या मालेचा मेंदू असेल. तिचा कंठ बर्टीचा आहे.

हाच मुद्दा दूरचित्रवाणीवरील रूपांतरांसही लागू पडतो. स्टीफन फ्राय आणि ह्यू लॉरी ह्यांनी १९९० ते १९९३ ह्या काळात ती पात्रे मोठ्या तन्मयतेने रंगविली. पण पडद्यावर आपणांस घडलेले दिसते, बर्टीने सांगितलेले ऐकू येत नाही. आणि ह्या कथांत घडण्यापेक्षा सांगणेच मोठे आहे. अर्धवट आठवणारा शेक्सपियर, बायबलमधील दाखले, क्लबातील टवाळ बोली आणि कायद्याच्या दस्तऐवजाचा थाट ह्यांची तो एकाच वाक्यात मोट बांधतो. माणसाच्या मनाची अवस्था तो हातातील वस्तूस बहाल करतो. आपल्याकडे एखाद्याने ‘मी एक उद्विग्न पेढा तोंडात टाकला’ असे म्हणावे, तसा तो प्रकार. हिलेर बेलॉक ह्याने १९३९ सालच्या एका प्रस्तावनेत वुडहाउस हा हयात इंग्रजी लेखकांत सर्वश्रेष्ठ असल्याचे म्हटले, आणि त्याच साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यास सन्माननीय पदवी दिली, तेव्हा अनेक गंभीर मंडळींनी कपाळास आठ्या घातल्या. बेलॉकचा मथितार्थ एवढाच होता की, शब्द योजून नेमका परिणाम साधणे हेच लेखकाचे काम असेल, तर हे काम ह्याच्याइतके अचूक कोणी करीत नाही.

येथे एक कोडे उभे राहते, आणि आमच्या समजुतीने तेच ह्या मालेचे सौंदर्य होय. ज्यास सारे जग मूर्ख म्हणते त्याच्याच मुखी लेखकाने सर्वांत समृद्ध भाषा घातली आहे. मूर्ख माणूस इतके सुंदर बोलेल कसा? तर बर्टीस व्यवहार कळत नाही. पण दुसऱ्याचे बोलणे, दुसऱ्याची लकब, दुसऱ्याचे दुःख हे सर्व तो विलक्षण रसिकतेने टिपतो, आणि त्यात स्वतःची फजिती सर्वांत आनंदाने सांगतो. भरतमुनींनी हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत, आणि हास्याचा उगम शृंगाराच्या अनुकृतीत दाखविला आहे. बर्टीच्या कथांत प्रणयाचे सारे अलंकार उलटे घातलेले आहेत. नायक प्रियेच्या विरहाने नव्हे, तर मॅडलिन बॅसेटशी लग्न होईल ह्या भीतीने झुरतो. तरी तिचा मान राखण्यासाठी ‘नको’ हा शब्द मात्र उच्चारीत नाही.

मित्रास दगा द्यावयाचा नाही, हा वूस्टर घराण्याचा दंडक. वाचक त्याकडे गंमत म्हणून पाहतो. परंतु कथानके त्याच खांबावर तोललेली आहेत. ‘राइट हो, जीव्हज’ च्या अखेरीस सर्वांचे रुसवे मिटतात ते कशाने? सर्वांचा राग एकट्या बर्टीवर एकवटावा, अशी जीव्हजने केलेली योजना सफल झाल्याने. त्यास काळोख्या रात्री सायकलवरून मैलोगणती व्यर्थ पिटाळले जाते, आणि परत आल्यावर सर्व सुखी झालेले पाहून तो क्षमा करतो. ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ मध्ये तर बर्टीवर तुरुंगाची पाळी येते. डाहलिया आत्येने आपला अद्वितीय फ्रेंच स्वयंपाकी आनातोल देऊन टाकला तर त्याची सुटका होणार असते, आणि ती, बर्टीस एरवी मूर्खशिरोमणी म्हणणारी, तेवढा त्याग करावयास सिद्ध होते. बर्टी साफ नकार देतो. आणि मग दोघे बसून त्याच्या सुटकेच्या दिवशी आनातोलने कोणकोणते पदार्थ करावेत ह्याची यादी रचतात. आत्याभाच्यांच्या प्रेमाचे ह्याहून नितळ चित्र आम्हांस चटकन आठवत नाही, आणि त्यात प्रेम हा शब्दही आलेला नाही.

म्हणजे ह्या मालेत दोष नाहीत असे नव्हे. अखेरच्या काळातील कादंबऱ्यांत वीण विरळ झाली आहे. जुन्या थट्टा आठवणीने आल्यासारख्या येतात. ‘थँक यू, जीव्हज’ मध्ये तोंडास काळे फासून निग्रो गवयांची सोंगे घेण्याचा भाग आहे, आणि त्या लोकांसाठी अपमानकारक शब्द बेफिकिरीने वापरलेला आहे. आजच्या वाचकास ते बोचते, आणि बोचावेच. अलीकडे प्रकाशकांनी काही नव्या आवृत्त्यांतून असे शब्द गाळले आहेत. आमच्या मते हा मार्ग बरा नाही. पुस्तकाने आपला काळ लपवू नये. प्रस्तावनेत स्पष्ट लिहावे आणि मूळ तसेच ठेवावे. ज्या काळी असा शब्द सभ्य घरातही खपत होता, तो काळ कसा होता हे वाचकास कळणे हाही वाचनाचाच भाग होय.

आता मूळ प्रश्न. ज्या हास्यात सुधारणेचा हेतू नाही, अन्यायाची चीड नाही, त्याची किंमत काय? आम्ही आपल्या विनोदावर नेहमीच समाजसुधारणेचा बोजा लादीत आलो, आणि त्यामुळे निर्हेतुक हास्यास आम्ही सहज पोरकट म्हणतो. वुडहाउसचे वाचक ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आचरणाने देतात. भारतात इंग्रजी वाचणाऱ्या कुटुंबांतून ही पुस्तके राज्य गेल्यावरही टिकली. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात तर वुडहाउसच्या नावाची विद्यार्थिमंडळी निघाली. राज्यकर्त्यांची बहुतेक पुस्तके विस्मृतीत गेली आणि त्यांच्यातील मूर्खाची आत्मकथा राहिली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जो आपल्यावर हसतो तो कोणासही परका वाटत नाही. त्याच्यापुढे वाचकाला आपला शहाणपणाचा मुखवटा काही काळ खाली ठेवता येतो. ‘जॉय इन द मॉर्निंग’ ही अत्यंत प्रसन्न कादंबरी बरीचशी जर्मन अंमलाखालील फ्रान्समध्ये लिहिली गेली. ज्या माणसाने तसल्या दिवसांत इतके निर्मळ हसविले, त्याचे जगाविषयीचे ज्ञान अपुरे असेल. पण त्याने ज्या वृत्तीचे रक्षण केले ती जगास पुरून उरणारी आहे. अशा पुस्तकांस फडताळाच्या पुढच्या रांगेत जागा मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.